पाचव्या चटईचा वारा

दादा जिना चढून वर आला तो गोणपाटात गुंडाळलेलं धूड दोन्ही हातांनी छातीशी धरून. दारातच ते खाली ठेवत, धापा टाकत म्हणाला, "ओळख, काय आहे ते."

बेबीनं ओळखलं होतं. गोणपाटातून बाहेर आलेल्या जाळीच्या एका वाकड्या तारेवरून ओळखलं होतं. पण इतक्या सहजासहजी हो म्हणेल तर ती बेबी कसली. म्हणाली, "भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो. तू चुकून वर आलास."

बेबी म्हणजे कोणी लहान पोर नव्हे. एकसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी, दोन नातवंडांची आजी. पाच भावंडांतलं शेंडेफळ म्हणून घरात बेबी नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. चौतीस वर्षं तिनं विजेच्या मोटारी भरायच्या कारखान्यात काढली. जळालेल्या मोटारीची काळी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, हे तिचं काम. मोजताना कोणी हाक मारली तर ती ओ देत नसे; पुढचा आकडा जरा मोठ्यानं म्हणे, की समोरचा समजून जाई. ही सवय तिनं घरीही आणली होती, आणि तिच्या नवऱ्याचं निम्मं बोलणं अशा आकड्यांवर आपटून परत गेलेलं होतं.

दादा सगळ्यांत थोरला, एकाहत्तरचा. पुढच्या आठवड्यात तो कायमचा लेकाकडे राहायला निघाला होता, विमानानं जायच्या अंतरावर. घर आवरून झालं होतं. कपाटं दिली, भांडी वाटली, आणि राहता राहिला हा टेबलफॅन. बाबांनी घेतलेला, हिरवा, पितळी पात्यांचा, एका हातानं उचलायला गेलं तर कंबर धरेल असा.

"जायच्या आधी एकदा फिरताना बघायचाय," दादा म्हणाला. "मग तुझ्याकडेच राहू दे. तुझ्याशिवाय कोण उघडणार तो?"

"माझ्याकडे कशाला? माझ्यापर्यंत कधी आला होता त्याचा वारा?"

हे वाक्य त्या घरात फार जुनं होतं. एका खोलीत पाच चटया ओळीनं पडायच्या. एका टोकाला दादा, मग ताई, मग जोडगोळी, म्हणजे एका वर्षाच्या अंतरानं झालेले आणि कायम एकमेकांच्या उरावर बसलेले मधले दोघं भाऊ, आणि पार भिंतीला बेबी. पायाशी स्टुलावर पंखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवणारा. नऊ वर्षांची असताना बेबीनं एक हिशेब मांडला: मधल्यांना पंखा जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा वारा मिळतो, टोकाच्याला एकदाच. आणि तोही, तिच्या मते, नावाला. वह्या ताईच्या उरलेल्या, दप्तर जोडगोळीनं फाडलेलं, आणि कॉलेजची वेळ आली तेव्हा बाबांची नोकरी संपलेली. आपल्यापर्यंत येईतो सगळं संपतं, हे तिनं त्या चटईवर ठरवलं आणि पुढच्या आयुष्यानं तिला पुरावे पुरवले. लग्नकार्यात भावंडं जमली की ती म्हणायची, "मला बाई कधी वारा मिळालाच नाही," आणि सगळे हसायचे. तीही हसायची. पण ती चेष्टेत म्हणत नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबा पंखा लावून बटणावर हात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, "आला का?" एकेक चटई म्हणायची, "आला." बेबी भिंतीकडे तोंड करून गप्प. एकदाच येतो, त्याला काय आला म्हणायचं! बाबा थोडा वेळ थांबायचे, आणि मग जायचे.

आता त्या ओळीतली मधली तिन्ही माणसं गेली होती. आधी जोडगोळी, तीही दीड वर्षाच्या अंतरानं, सवयीप्रमाणे, मग ताई. उरली होती ती दोन टोकं.

एरवी त्या वाक्यावर दादा हमखास हसायचा. आज त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि पाण्याचा पेला उचलला. "उघड तरी," एवढंच म्हणाला. "रविवारी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनं गॅलरीत जुनं धोतर अंथरलं आणि पंखा खोलायला घेतला. नवरा निवृत्त स्टोअरकीपर. जन्मभर दुसऱ्यांचे नटबोल्ट सांभाळलेले, त्यामुळे अशा वेळी त्याला चेव येई. त्यानं रिकाम्या डब्या आणल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: "पुढच्या जाळीचे", "मागच्या जाळीचे", "बुडाचे". चौथ्या डबीवर त्यानं विचार करून लिहिलं, "कशाचे कोण जाणे."

"अहो, एवढं करण्यापेक्षा रॉकेल आणा."

"नेहमी शेवटची डबीच भरते," तो म्हणाला आणि रॉकेल आणायला गेला.

जाळीवर स्वयंपाकघरातल्या वाफेचा आणि धुळीचा चिकटा बसला होता, नखानं काढावा तर नखातच राहणारा. ती जाळी तिनं गरम पाण्यात सोडा घालून बुडवली. पाती लिंबू आणि मिठानं घासली. पहिल्या पात्यावरचा काळा थर गेला आणि आतून पिवळं पितळ वर आलं तेव्हा ती क्षणभर थांबली. तिला आठवलं, हे पितळ चमकताना शेवटचं बघितलं तेव्हा ती परकराच्या वयाची होती, आणि आई फडकं घेऊन एकेक पातं पुसत होती, बाळाचा पाय पुसावा तसं. आई गेल्यावर कोणी पुसलं नसावं. बेबीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती जास्त जोरात घासते.

मोटार उघडली. तारेवरचं सुती आवरण हात लावताच भुगा होऊन पडलं. तारेच्या चार गुंडाळ्यांतली एक जळालेली होती. तिनं ती उलगडली, वेढे मोजले, तसेच नवे भरले. तीन दिवस घरात फक्त आकडे ऐकू येत होते. नवरा चहा हवा का विचारायला आला, तर त्याला "दोनशे अठरा" असं उत्तर मिळालं. तो गेला आणि स्वतःपुरता करून प्यायला.

चौथ्या दिवशी ती पंख्याच्या मानेकडे वळली. मोटारीच्या मागे दंतचक्रांची एक डबी असते. तिच्याखाली बिस्किटाएवढी पितळी चकती. चकतीत खिळा, खिळ्यात अडकवलेली दांडी. चकती फिरते, दांडी ढकलते आणि ओढते, आणि पंखा मान वळवतो. खिळा मध्यापासून जितका लांब, तितकी मान जास्त वळते. म्हणून चकतीला दोन भोकं असतात, कमी वळायचं एक आणि जास्त वळायचं एक. या चकतीला तीन होती.

तिसरं भोक अगदी काठाशी होतं, इतकं की बाहेरच्या बाजूला नखाएवढं पितळ उरलेलं. आणि ते वाकडं होतं. गोल नाही, लांबट, तिरकं घुसलेलं. खिळा त्यातच बसवलेला होता. चक्राचे दात त्या ताणानं एका बाजूला झिजले होते.

"बघा, बघा हे," तिनं नवऱ्याला बोलावलं. "याला म्हणतात अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं. दादाच्या गल्लीत कोणी मेकॅनिक असणार. आत काय चाललंय ते कळत नाही आणि चालला भोक पाडायला."

नवऱ्यानं चष्मा वर करून बघितलं. "मुद्दाम पाडलेलं दिसतंय पण."

"मुद्दामच. अडाण्याचं सगळं मुद्दामच असतं. बाबांनी हे बघितलं असतं ना, तर त्या मेकॅनिकचा कान धरला असता."

ते खरंच होतं. बाबा कारखान्यात फिटर. काम हातात धरायचं नाही, टेबलाला बसवलेल्या पकडीत धरायचं, हा त्यांचा मंत्र. पेन्सिलीला टोक करतानासुद्धा ते पेन्सिल टेबलाच्या कडेला टेकवून धरत. त्यांनी पाडलेल्या भोकातून म्हणे उजेडसुद्धा सरळ जायचा.

बेबीनं मग जे कोणताही चांगला कारागीर करील ते केलं. वाकडं भोक कथील वितळवून भरलं, कानशीनं सपाट केलं, पॉलिशनं घासून असं केलं की बोट फिरवून कळू नये. खिळा काढून कारखान्याच्या भोकात, जास्त वळणाच्या, बसवला. झिजलेलं चक्र उलटं फिरवून लावलं. नवं ग्रीस भरलं, तेल धरून ठेवणाऱ्या नमद्याला तेल पाजलं, आणि शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं. पंखा जरा घुटमळला, मग गुणगुणला, मग मान वळवायला लागला. इतका हळू आणि एकसारखा, की नवरा टाळ्या वाजवायला विसरला.

"कशाचे कोण जाणे" या डबीत शेवटी तीन स्क्रू उरले. त्याबद्दल दोघांनीही काही बोलायचं नाही असं ठरलं.

रविवारी दुपारी दादा आला. उन्हानं गॅलरीच्या सळया हात लावू देत नव्हत्या. बेबीनं पडदे ओढले, पंखा स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. दादा समोर खुर्चीवर बसला. पाती दिसेनाशी होऊन नुसतं पिवळं वर्तुळ उरलं तेव्हा त्याचे डोळे भरले, आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"अगदी तसाच," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आत सगळं बघितलंस ना नीट?"

"बघितलं म्हणजे? स्क्रू न् स्क्रू बघितला."

"मग?"

"मग काय?"

दादानं तिच्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. पंखा डावीकडे गेला, थांबला, परत निघाला. दादाच्या कपाळाला आठी पडली. "बेबी, हा कमी वळतोय."

"काहीतरीच. पुरता वळतोय. त्याच्या हद्दीपर्यंत वळतोय."

दादा उठला. एकाहत्तराव्या वर्षी माणूस इतक्या तडफेनं उठत नाही. त्यानं मधली टेबलं-खुर्च्या सरकवल्या, "चटया आहेत का घरात?" विचारलं, आणि चटया दोनच आहेत म्हटल्यावर तीन चादरी मागितल्या. पाच जागा ओळीनं अंथरल्या, शेवटची पार भिंतीला टेकवून. मग वर्तमानपत्राचं एकेक पान एकेका जागेवर ठेवलं आणि पानाच्या एका कडेवर एकेक चमचा. नवरा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. मेहुण्याचं डोकं फिरलं असं वाटूनही त्यानं चमचे मोजून दिले.

पंखा फिरला. दुसरं पान फडफडलं, तिसरं फडफडलं, चौथं फडफडलं. पहिलं आणि पाचवं मेल्यासारखं पडून राहिलं.

"बघ," बेबी म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा भाव होता आणि तो तिला स्वतःलाच आवडला नाही. "बावन्न वर्षं सांगतेय. यायचाच नाही माझ्यापर्यंत."

"यायचा," दादा म्हणाला. "तिसऱ्या भोकातून यायचा. ते कुठंय?"

बेबीनं पंख्यामागच्या डबीकडे बघितलं. पंखा एक फेरी करून आला.

"तुला कळेल म्हणून तर तुझ्याकडे आणला," दादा म्हणाला. "बाबांना शब्द दिला होता कोणाला सांगणार नाही म्हणून. म्हटलं आपण सांगायला नको, बेबी उघडेल, तिला दिसेल, तिच्याइतकं यातलं कोणाला कळतं? शब्दही राहील आणि कामही होईल. म्हटलं जायच्या आधी एवढं व्हावं."

"कसला शब्द?"

"तू चार वर्षांची झालीस आणि आईजवळची उठून ओळीत आलीस. तोवर आम्ही चौघं होतो. पंखा चौघांना पुरायचा. तू आलीस, ओळ लांबली, आणि दोन्ही टोकं उघडी पडली. तुला घामोळं आलं. रात्रभर रडलीस. दुसऱ्या दिवशी रविवार होता, कारखाना बंद. सोमवारी नेऊन पकडीत लावून पाच मिनिटांत झालं असतं. पण बाबांना तुझी आणखी एक रात्र नको होती. हातड्रिल घरात होतं, पकड नव्हती. आई तुम्हाला घेऊन मावशीकडे गेली होती, मी तेवढा घरी होतो. बाबांनी चकती विटेवर ठेवली आणि पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरली."

"अंगठ्याखाली? बाबांनी?"

"बाबांनी. आणि ड्रिल सरकलं. भोक वाकडं झालं आणि अंगठा फाटला. रक्त थांबेना. फडकं बांधता बांधता मला म्हणाले, 'फिटरनं पायाखाली काम धरलं, हे कोणाला सांगू नकोस. माझी लाज जाईल.' सगळ्यांना सांगितलं, दगड पडला."

बेबी पाचव्या चटईच्या कडेला बसली. बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. ते तिला इतकं पाठ होतं की डोळे मिटून त्याचं चित्र काढून दाखवलं असतं. लहानपणी त्या चिरेवर बोट फिरवून तिनं विचारलंही होतं, हे काय झालं, आणि बाबा म्हणाले होते, दगड पडला. शेवटच्या आजारात त्यांचे पाय पुसताना ते नख तिनं रोज पुसलं होतं. आणि परवा त्याच भोकाला अडाण्याचं म्हणून, कथील ओतून, बोटाला कळणार नाही असं बुजवलं होतं.

"मी बुजवलं ते," ती म्हणाली. तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

दारातून नवरा बोलला. "अगं, पण बुजवलंस कशानं?"

"कथलानं."

"मग कथील वितळतं की," चौतीस वर्षं तिच्याबरोबर कथलाचा वास खाल्लेला तो माणूस म्हणाला. "पितळाच्या कितीतरी आधी."

बेबीनं पदरानं नाक पुसलं. एवढी साधी गोष्ट तिला सुचू नये, आणि स्टोअरकीपरला सुचावी! ती उठली. पंखा बंद केला, डबी उघडली, चकती बाहेर काढली. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर तापवली. दादा आणि नवरा दोघंही तिच्या खांद्यांवरून वाकून बघत होते. एरवी तिनं दोघांनाही हाकललं असतं. पॉलिश केलेला काठ काळवंडला, मग एका जागी चंदेरी डाग चमकायला लागला, मग ओला झाला. तिनं चिमटा ओट्यावर आपटला. थेंब टपकन पडला. त्याच्या मागे ते भोक होतं, लांबट, तिरकं, एका कडेला कातरलेलं, जसंच्या तसं.

तिनं चकती पाण्यात विझवली, पुसली, आणि भोकातून करंगळीचं नख फिरवलं. ड्रिल कुठं सरकलं ते आतून कळत होतं.

खिळा तिसऱ्या भोकात गेला. दांडी अडकली. दात झिजणार हे तिला माहीत होतं. झिजू देत, चक्र बदलता येतं.

पंखा सुरू झाला तेव्हा पहिलं पान फडफडलं, आणि मग बऱ्याच वेळानं पाचवं.

"एकदाच येतो पण," बेबी म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. "मधल्यांना दोनदा."

"आणि मी कुठे झोपायचो?"

"त्या टोकाला."

"मग मला किती वेळा यायचा?"

बेबीनं दादाच्या चटईकडे बघितलं. चौतीस वर्षं वेढे मोजून पोट भरलेल्या बाईनं ही एक गोष्ट कधी मोजली नव्हती.

दादानं पानं आणि चमचे गोळा केले. मग गुडघ्यावर हात टेकत, हाशहुश करत तो पहिल्या चटईवर आडवा झाला. बेबी पाचवीवर. भिंत तशीच गार होती, जशी सगळ्या भिंती असतात. नवरा दारातच उभा होता. "मधे जागा आहे बरीच," तो म्हणाला, "मी पडू का?"

"नको," दोघंही एकदम म्हणाली. मग बेबी हळू आवाजात म्हणाली, "अहो, तिथं माणसं आहेत."

तो आत गेला.

बाहेर ऊन तापलं होतं. पंखा दादाकडे गेला, तिथं थोडा रेंगाळला, मग परतला. ताईच्या रिकाम्या चादरीची कड उचलली गेली, मग जोडगोळीच्या दोन्ही चादरी, एकामागून एक. बेबीनं भिंतीकडे तोंड केलं नव्हतं. ती छताकडे बघत होती.

दुसऱ्या टोकावरून दादानं विचारलं, "आला का?"

आवाज दादाचाच होता, फक्त म्हातारा. पण प्रश्न ज्याचा होता तो माणूस बटणावर हात ठेवून, अंगठ्याची खरी गोष्ट लपवत, कित्येक रात्री तिच्यापाशी उत्तरासाठी थांबून निघून गेला होता. ती एक शब्द बोलली असती तर त्याला कळलं असतं की काम झालं.

वारा तिच्या पायांवरून वर आला, पोटावरून, गळ्यावरून, आणि कपाळावरचे पिकलेले केस मागे सारून थांबला.

"आला, बाबा," बेबी म्हणाली. "आला."